नॉर्वेत मतपत्रिका दोन का? फ्युल्के म्हणजे जिल्हा परिषदच का?

मिठागर
नमस्कार मंडळी. आम्ही ऑगस्ट २०२४ मध्ये स्टाव्हांगरला आलो. नवरा तेलात (समुद्राखालच्या, शेंगदाण्याच्या नव्हे), मी वर्षभर भाषा शिकून आता एका बालवाडीत मदतनीस. परवा डब्याच्या सुट्टीत विषय निघाला आणि कळलं की २०२७ च्या सप्टेंबरात मलाही मत देता येईल. पासपोर्ट भारताचाच असला तरी! मी उडालेच.
सहकारी म्हणाली, "तुला दोन चिठ्ठ्या टाकायच्या. एक कोमूनेची, एक फ्युल्केची." कोमूने, म्हणजे आपली नगरपालिका, मला रोज भेटतं: आमची बालवाडी त्यांची, दहावीपर्यंतची शाळा त्यांची, पाणी-कचरा त्यांचा. पण फ्युल्के काय करतं असं विचारलं तर टेबलावरच्या पाचही जणींनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली रस्ते. दुसरी म्हणाली बस. तिसरी थोडा विचार करून म्हणाली, दात.
दात??
इथे नॉर्वेवाले बरेच आहात. फ्युल्केला निवडून कोण जातं, कसं जातं, आणि मी त्या दुसऱ्या चिठ्ठीवर डोकं खाजवायचं की आंधळेपणाने टाकून मोकळं व्हायचं? मुलगा दहावीत आहे, म्हणून जरा जास्त चौकशी.

सोलकढी_प्रेमी
दात! धागा पळणार. जागा धरून बसतो.

ओस्लोचा_पाऊस
मी २०२३ ला मत दिलं तेव्हा मला एकच निवडणूक होती. दोन चिठ्ठ्या कसल्या? फसवलं की काय मला?

अण्णा_बर्गनकर
पाऊस, तुला कोणी फसवलं नाही. तू ओस्लोत राहतोस. ओस्लो हे कोमूनेही आहे आणि फ्युल्केही. तिथलं ५९ जणांचं बीस्टीरे म्हणजे नगरसभा, तीच दोन्ही टोप्या घालते. बाकी देशभर दोन वेगळ्या सभा, म्हणून दोन चिठ्ठ्या.

मिठागर, आता तुझं. नॉर्वेत सध्या १५ फ्युल्के आणि ३५७ कोमूने आहेत. तुझं फ्युल्के रोगालान (शेवटचा 'ड' लिहायचा, बोलायचा नाही. आपण 'स्टाव्हांगर, रोगालँड' म्हटलं की लगेच ओळखतात नवीन आहे म्हणून). त्यात २३ कोमूने. फ्युल्केच्या सभेला म्हणतात फ्युल्केस्टिंग. 'टिंग' म्हणजे जुन्या काळची लोकसभा, गावोगावचे लोक जमून न्यायनिवाडा करायचे ती. संसदेच्या नावात, स्टोर्टिंगमध्ये, तोच टिंग. रोगालानच्या फ्युल्केस्टिंगमध्ये ४७ सदस्य.

निवडणूक दर चार वर्षांनी, सप्टेंबरात, कोमूनेच्याच दिवशी. मागची ११ सप्टेंबर २०२३ ला झाली. संसदेची दोन वर्षं पुढेमागे, म्हणजे २०२१, २०२५. त्यामुळे इथे दर दोन वर्षांनी सप्टेंबर आला की चौकात पक्षांच्या लाकडी टपऱ्या लागतात. भोंगे नाहीत, मिरवणूक नाही. टपरीत दोन आजोबा, एक कॉलेजची पोरगी, वाफल आणि कॉफी. कामगार पक्ष गुलाब वाटतो.

मतदानाचा अधिकार: त्या वर्षाअखेर १८ पूर्ण होणारे सगळे नागरिक, आणि परदेशी नागरिक असाल तर मतदानाच्या दिवसापर्यंत सलग तीन वर्षं नॉर्वेत नोंदणीकृत वास्तव्य. स्वीडन, डेन्मार्कवाल्यांना एवढं थांबावं लागत नाही. परदेशी लोकांना ही मुभा १९८३ पासून आहे. फक्त स्थानिक निवडणुकांना हं. संसदेला नागरिकत्व लागतं. अर्ज वगैरे काही करायचा नाही, लोकसंख्या नोंदणीवरून नाव आपोआप यादीत येतं. तू ऑगस्ट २०२४ ला आलीस म्हणजे काठावर बसतेस. मध्येच सहा महिने भारतात नोंदणी हलवू नकोस म्हणजे झालं.

आता काम. जेवून येतो मग लिहितो. आज पिठलं आहे.

सोलकढी_प्रेमी
अण्णा, पिठलं बर्गनच्या पावसात म्हणजे सुख. पण दात?

झेडपी_काका
मी एका जिल्हा परिषदेत ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. मुलगी ट्रोन्डहाइमला असते, दोन उन्हाळे तिथे काढले. नाती शाळेत गेल्या की मी वाचनालयात बसून हेच वाचायचो, दुसरं काय करणार.
माझ्या समजुतीप्रमाणे फ्युल्केसकोमूने = जिल्हा परिषद. फ्युल्केस-ऊर्डफोरर = अध्यक्ष. फ्युल्केसडिरेक्टर = मुख्य कार्यकारी अधिकारी. आणि तिथे एक स्टाट्सफोरव्हाल्टर असतो, तो = जिल्हाधिकारी. म्हणजे सगळं आपल्यासारखंच, फक्त चहा कमी आणि कॉफी जास्त. चुकत असेन तर सांगावे.

कोकणकन्या_नॉर्ड
काका, पहिली तीन बरोबरीची चिन्हं बऱ्यापैकी जमतात. चौथं नाही.
स्टाट्सफोरव्हाल्टर हा सरकारचा माणूस, निवडून न येणारा, इथपर्यंत ठीक. २०२१ पर्यंत त्याला फ्युल्केसमान म्हणायचे. पण आपल्या कलेक्टरसारखी महसूल, कायदा-सुव्यवस्था, दंडाधिकारी असली ताकद त्याच्याकडे नाही. पोलिसांना तो हुकूम देत नाही. त्याचं काम मुख्यतः बघणं: कोमूनेचे निर्णय कायद्यात बसतात का, शाळेत, दवाखान्यात माणसांचे हक्क पाळले जातात का, तक्रारी ऐकणं, पर्यावरण, शेती, आपत्ती आली तर सगळ्यांचा मेळ घालणं. रोगालानला सध्या बेंट होये आहेत, आधी देशाचे आरोग्यमंत्री होते. करोनात रोज टीव्हीवर दिसायचे तेच.
आणखी गंमत म्हणजे एका फ्युल्केला एक असंही नाही. ओस्टफोल्ड, बुस्केरूद, ओस्लो आणि अकेर्शहूस मिळून एकच कचेरी आहे. चार जिल्ह्यांना एक कलेक्टर कल्पून बघा.

झेडपी_काका
चार जिल्ह्यांना एक? मग लाल दिव्याचं काय करतात? :)
दुरुस्तीबद्दल आभार. म्हणजे तो आपल्याकडच्या विभागीय आयुक्त आणि लोकपालाच्या मधला काहीतरी म्हणायचा.

अण्णा_बर्गनकर
आलो. पिठलं उत्तम.

दातांचं ऐका. मुलांचे दात १८ वर्षांपर्यंत सरकारी खर्चाने बघतात आणि ते सरकार म्हणजे फ्युल्के. त्यांचे स्वतःचे दवाखाने असतात, बोलावणं घरी येतं. अठरानंतर काही वर्षं तरुणांना चौथा हिस्सा भरावा लागतो. मग तू आणि मी, आपण खासगी खुर्चीत बसून आ करायचा आणि बिल बघून आणखी मोठा आ करायचा.
बाकी आजाराचे दवाखाने? ते एकेकाळी फ्युल्केचेच होते, १९७० पासून. १ जानेवारी २००२ ला केंद्र सरकारनं ते काढून घेतले. त्या दिवशी फ्युल्केचा निम्म्याहून जास्त जीव गेला असं माझे सासरे (नॉर्वेजियन, वय ८१) अजून म्हणतात. "तेव्हापासून ते बसचं वेळापत्रक छापतात," हे त्यांचं आवडतं वाक्य.

सासरे थोडा अन्याय करतात. फ्युल्केकडे आज मुख्य चार गोष्टी: दहावीनंतरची शाळा, फ्युल्केचे रस्ते, सार्वजनिक वाहतूक, दात. शिवाय जुन्या वास्तू, संग्रहालयं, ग्रंथालयं, प्रादेशिक विकास. २०१० मध्ये केंद्रानं आपले हजारो किलोमीटर रस्ते त्यांच्या गळ्यात घातले, पुलाबोगद्यांसकट. आता देशभरात फ्युल्केचे रस्ते साधारण ४५ हजार किलोमीटर. आमच्या वेस्टलानमध्ये रस्ता म्हणजे अर्धा बोगदा, उरलेला फेरी. त्या फेऱ्यांच्या निविदाही फ्युल्के काढतं. गेल्या दहा वर्षांत फेऱ्या बॅटरीवर आल्या त्यात या निविदांमधल्या अटींचा हात मोठा आहे. एवढं श्रेय द्या त्यांना.

रोखठोक_७२
सगळे कौतुक करताय म्हणून मी विरोधी बाकावर. ५५ लाख लोकांच्या देशाला तीन मजले कशाला? होयरे आणि फ्रेमस्क्रिट्स हे उजवे पक्ष कित्येक वर्षं म्हणत आलेत की मधला मजला पाडा. शाळा मोठ्या कोमूनेला द्या, रस्ते केंद्राला द्या, दात... दात कोणालाही द्या. २०२३ ला कोमूनेला ६२ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि फ्युल्केला ६० च्याही खाली. एकाच केंद्रात, एकाच दिवशी, शेजारी दोन पेट्या असताना! माणूस मतपेटीपर्यंत चालत येतो आणि दुसरी चिठ्ठी उचलायचा कंटाळा करतो, यातच आलं सगळं.
मिठागर यांच्या टेबलावरच्या पाच जणींना उत्तर आलं नाही. हाच माझा मुद्दा.

मिठागर
रोखठोक, तिघींना आलं की. एकीकडे एक याप्रमाणे. :)

कोकणकन्या_नॉर्ड
रोखठोकदादा, मधला मजला पाडायचा विचार सगळ्यांना आवडतो, पण पाडून सामान कुठे ठेवायचं यावर एकमत होत नाही. ३५७ पैकी कितीतरी कोमूने पाच हजार वस्तीच्याही खाली आहेत. एवढ्याशा गावानं वेल्डिंग, स्वयंपाक, शेती, आरोग्यसेवा असे सगळे अभ्यासक्रम असलेली शाळा कशी चालवायची? तिथे आठ गावं मिळून एक शाळा लागते. मग त्या आठ गावांच्या वर कुणीतरी लागतंच.

आकडेमोड
कोणी निवडणूक 'कशी' यावर बोलत नाहीये. माझी पाळी.

एक: पूर्ण फ्युल्के हा एकच मतदारसंघ. गट-गण काही नाही. तुम्ही पक्षाची यादी निवडता.
दोन: जागावाटप सुधारित सेंट-लाग्यू पद्धतीने. पक्षाची मतं १.४, ३, ५, ७ अशी भागत जायची, सर्वांत मोठे भागाकार जिंकतात. पहिला भाजक १ ऐवजी १.४ का? चिमुकल्या पक्षांना पहिली जागा किंचित महाग पडावी म्हणून.
उदाहरण रचून दाखवतो. जागा ८. 'अ' ला ६००० मतं, 'ब' ला ३२००, 'क' ला ८००. अ चे भागाकार: ४२८६, २०००, १२००, ८५७, ६६७. ब चे: २२८६, १०६७, ६४०. क चा पहिलाच: ५७१. आठवी जागा ६४० ला गेली, क हात हलवत परत. भाजक १ असता तर क चे ८०० राहिले असते आणि त्याला जागा मिळाली असती. ०.४ नं माणूस घरी बसला!
तीन: यादीतल्या आवडत्या उमेदवाराच्या नावापुढे खूण करता येते. पण फ्युल्केच्या निवडणुकीत ही खूण बरीचशी मनाचं समाधान. २०२३ च्या नियमाप्रमाणे पक्षाच्या निदान ८ टक्के मतदारांनी त्याच नावावर खूण केली तरच ती मोजण्यात धरली जायची. नाहीतर पक्षानं ठरवलेला क्रम कायम. कोमूनेत मात्र खुणांना खरा भाव आहे, तिथे दुसऱ्या पक्षाच्या यादीतलं नावसुद्धा आपल्या चिठ्ठीवर लिहिता येतं.

सोलकढी_प्रेमी
आकडेमोड सर, तीनदा वाचलं. क बद्दल वाईट वाटतंय.

ओस्लोचा_पाऊस
दुसऱ्या पक्षाचं नाव आपल्या चिठ्ठीवर! आपल्याकडे याला क्रॉस व्होटिंग म्हणून हॉटेलात कोंडून ठेवतात.

मिठागर
:D :D
प्रत्यक्ष केंद्रावर काय होतं तेही कोणीतरी सांगा ना. यंत्र? शाई?

गोदाकाठ
मी सांगते, कारण मी घोळ घातलाय.
यंत्र नाही, शाई नाही. पडद्याआड गेलं की प्रत्येक पक्षाच्या छापील चिठ्ठ्यांच्या चळती. हवी ती उचलायची, खुणा करायच्या असल्या तर करायच्या आणि छापील बाजू आत ठेवून घडी घालायची. बाहेर येऊन ओळखपत्र दाखवायचं, तिथली बाई घडीच्या बाहेरच्या बाजूवर शिक्का मारते, मग आपल्या हाताने पेटीत. शिक्का नसेल तर मत बाद.
मी घडी उलटी घातली. छपाई बाहेर. टेबलापाशी पोचले तर त्या बाईंनी दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले, अक्षरशः, आणि म्हणाल्या, "मी काही पाहिलं नाही, परत जा आणि नवीन घे." मागच्या रांगेतले सगळे छताकडे बघायला लागले. इतकी लाज लग्नात उखाणा विसरले तेव्हाही वाटली नव्हती.
आणि हो, मतदानाच्या दिवसाची वाट बघायची गरज नाही. १० ऑगस्टपासून आगाऊ मतदान सुरू होतं, वाचनालयात, मॉलमध्ये. दूध आणायला जाता जाता मत.

झेडपी_काका
छताकडे बघणारी रांग! हे वाचून हसलो. मी निवडणूक ड्यूटी बावीस वेळा केली आहे, असली रांग एकदाही मिळाली नाही.
मला उत्सुकता आहे निवडून आल्यानंतरची. अध्यक्ष कोण करतं? आमच्याकडे सोडत, आरक्षण, अडीच वर्षांची मुदत, मग सहलीला गेलेले सदस्य वगैरे असायचं.

अण्णा_बर्गनकर
काका, सहल नाही. ऑक्टोबरात पहिली बैठक होते, तीत सदस्य आपल्यातूनच ऊर्डफोरर निवडतात. जनता थेट निवडत नाही. शब्दाचा अर्थ 'शब्द वाहणारा', म्हणजे सभेचा आवाज. रोगालानला २०१९ ते २०२३ मारियान केसाक होत्या, कामगार पक्षाच्या. २०२३ नंतर ओले उएलान, होयरेचे.

मग कारभार कसा चालवायचा यासाठी दोन वाटा आहेत, कुठली घ्यायची ते फ्युल्केनंच ठरवायचं.
बहुतेकांची वाट जुनी. सभेतून एक छोटी कार्यकारी समिती निवडतात, फ्युल्केसुत्वाल्ग. सगळ्या पक्षांना ताकदीच्या प्रमाणात जागा. म्हणजे विरोधकही त्याच टेबलावर. प्रशासन एका नेमलेल्या संचालकाच्या हाताखाली. काकांना ही ओळखीची वाटेल, तुमची स्थायी समिती.
दुसरी वाट संसदीय. बहुमतवाल्यांनी आपलं छोटं मंत्रिमंडळ बनवायचं, फ्युल्केस्रोद. त्याचा नेता खरा धनी, ऊर्डफोरर मग सभापतीसारखा. सभेचा विश्वास उडाला की मंत्रिमंडळ पडतं. नॉर्डलाननं १९९९ मध्ये हे पहिल्यांदा केलं. ओस्लोत तर १९८६ पासून आहे.

पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: मंत्रिमंडळ पडेल, सभा पडत नाही. चार वर्षं म्हणजे चार वर्षं. मुदतपूर्व बरखास्ती नाही, निवडणूक लांबवणं नाही.

झेडपी_काका
लांबवणं नाही, हे वाक्य दोनदा वाचलं. २०२२ ला मुदती संपल्यावर आमच्याकडच्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले ते वर्षानुवर्षं. सभागृहाला कुलूप, खुर्च्यांवर धूळ. जाऊ दे.

कोकणकन्या_नॉर्ड
काका, तुम्हाला आवडेल असं एक. प्रत्येक फ्युल्केत एक नियंत्रण समिती असते, लेखापरीक्षण वगैरे तिच्याकडे. तिचा अध्यक्ष ऊर्डफोररच्या पक्षाचा असू शकत नाही. कायद्यातच आहे. समित्यांच्या नेमणुकीत स्त्री आणि पुरुष दोघंही किमान ४० टक्के हवेत. आणि निवडून आल्यावर 'नको बुवा आता' म्हणून राजीनामा फेकता येत नाही, सभेकडे सुटीचा अर्ज करावा लागतो, ती मंजूर करेल तर सुटलात. बहुतेक सदस्य तसे हौशी, दिवसा शिक्षक, नर्स, शेतकरी.

रोखठोक_७२
समित्या, उपसमित्या, युवक परिषद, ज्येष्ठ परिषद. मी म्हणतोय त्याला पुष्टीच मिळतेय. आणि व्हीकेन विसरलात? त्यावर बोला की.

ओस्लोचा_पाऊस
व्हीकेन! हो! मी शेजारीच राहतो, ते सगळं नाटक पुढच्या रांगेतून पाहिलंय.
नवीन लोकांसाठी: आधी १९ फ्युल्के होते. २०१८ ला दोन ट्रोन्डेलाग एक झाले. मग पंतप्रधान सुलबर्ग यांच्या सरकारनं १ जानेवारी २०२० पासून ११ वर आणले. अकेर्शहूस, बुस्केरूद आणि ओस्टफोल्ड यांची मोट बांधून व्हीकेन केलं. बारा लाखांवर वस्ती, ओस्लोला नालेच्या आकारात वेढा घातलेला. स्वीडनच्या सीमेवरच्या माणसाचा आणि हार्डांगरच्या डोंगराकडच्या माणसाचा फ्युल्के एकच.
कमाल पुढे आहे. तिथे पहिल्यांदा जे सत्तेवर आले त्यांच्या करारातच लिहिलं होतं की व्हीकेन मोडायचं! मंत्रिमंडळाच्या नेत्या तोन्ये ब्रेना. म्हणजे ज्या घराच्या कर्त्या, तेच घर पाडायची प्रतिज्ञा. पुढे त्या २०२१ ला शिक्षणमंत्री झाल्या. सरकार बदललं, २०२२ ला संसदेनं मोडायला परवानगी दिली आणि १ जानेवारी २०२४ ला तीन जुनी नावं परत आली. चार वर्षांचा संसार.

कोकणकन्या_नॉर्ड
आणि उत्तरेत त्याहून तिखट. फिनमार्कला ट्रोम्सशी लग्न नकोच होतं. मे २०१८ ला त्यांनी सार्वमत घेतलं, ८७ टक्के लोक नाही म्हणाले. तरी लावलं. तेही २०२४ ला विभक्त झाले. व्हेस्टफोल्ड-टेलेमार्क पण. ११ चे १५ असे झाले.
मला यात रोखठोकदादांच्या उलट दिसतं. कोणाला पडलेलीच नाही असा मजला असता तर माणसं त्याच्यासाठी इतकी भांडली असती का?

रोखठोक_७२
माणसं नावासाठी भांडतात, कारभारासाठी नाही. पाट्या आधी काढल्या, मग परत लावल्या. पाटीवाला तेवढा सुखी.

अण्णा_बर्गनकर
पाटीवाल्यावरून आठवलं, टोलवाल्याविरुद्ध तर पक्षच निघाला होता. २०१९ ला आमच्या बर्गनच्या नगरसभेत टोलविरोधी यादीला १६.७ टक्के मतं पडली. चार वर्षांनी फुगा फुटला. गाडीवाला मतदार फार रागीट आणि फार विसराळू.
नावाचं मात्र खरं आहे. १९१८ पर्यंत या जिल्ह्यांना 'आम्ट' म्हणायचे, डॅनिश अमदानीतला शब्द. १९१९ पासून मुद्दाम जुना नॉर्स शब्द उकरून 'फ्युल्के' केलं. आणि थेट निवडणूक तर १९७५ ला आली. त्याआधी कोमूनेच फ्युल्केस्टिंगवर माणसं पाठवायचे. म्हणजे सासरेबुवांनी पहिलं मत दिलं त्यानंतर कितीतरी वर्षांनी ही दुसरी चिठ्ठी जन्माला आली. परकी वाटते यात नवल नाही.

डोंगरवाट
मी इथे फार लिहीत नाही, पण मिठागरताईंचा मुलगा दहावीत आहे म्हणून लिहितो. फ्युल्के कोणाला दिसत नाही असं म्हणताय ना, पोरगं सोळाचं झालं की घराच्या दारात उभं राहतं.

दहावीनंतरच्या शाळेसाठी १ मार्चपर्यंत ऑनलाइन अर्ज. तीन अभ्यासक्रम पसंतीक्रमाने लिहायचे, तीनपैकी एक मिळण्याचा हक्क आहे. अभ्यासक्रमाचा हं, शाळेचा नाही. शाळा गुणांवर द्यायची की घराजवळची द्यायची हे फ्युल्के ठरवतं आणि सत्ता बदलली की हा नियमही बदलू शकतो. ताई, तुमच्या दुसऱ्या चिठ्ठीचं उत्तर इथे आहे. हातकाम शिकणाऱ्यांची उमेदवारी आणि त्याची परीक्षासुद्धा फ्युल्केकडेच.

आता आमची रड. मुलाला इलेक्ट्रिकल मिळालं, शाळा खाडीपलीकडे. घरापासून सहा किलोमीटरच्या पुढे असेल तर बसचा पास फुकट. आमच्या फ्युल्केच्या कचेरीनं मोजून कळवलं: ५.८. मी म्हटलं शक्य नाही, गाडीचा काटा ६.४ दाखवतो. तर उत्तर आलं की गाडीचा रस्ता धरत नाहीत, पायवाट धरतात. नकाशात झाडीतून एक पायवाट आहे, तिथून ५.८. ती पायवाट नोव्हेंबरात पाहिली आहे का कोणी? दिवा नाही, उतारावर बर्फ, आणि मधला लाकडी साकव गेल्या पुरात एका बाजूला झुकलाय.

गोदाकाठ
तक्रार करा. निर्णयावर तीन आठवड्यांत लेखी तक्रार करता येते. पत्रातच खाली लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात.

झेडपी_काका
फोटो जोडा. साकवाचा, तारखेसकट, शेजारी माणूस उभा करून. कागदावर '५.८' विरुद्ध 'धोकादायक' असं लिहिलं तर ५.८ जिंकतो. फोटो असला की जरा लढत होते. ३१ वर्षांचा अनुभव फुकट देतोय.

कोकणकन्या_नॉर्ड
आणि एकट्याने नाही जमलं तर आणखी एक रस्ता आहे. फ्युल्केत ५०० रहिवाशांच्या सह्या जमवल्या की फ्युल्केस्टिंगला तो विषय सहा महिन्यांत पटलावर घ्यावाच लागतो. कोमूनेत ३०० पुरतात. नागरिकत्वाची अट नाही, रहिवासी असलं की झालं.

सोलकढी_प्रेमी
५०० सह्या म्हणजे स्टाव्हांगरच्या गणपतीत आरतीनंतर वही फिरवा, प्रसादाच्या रांगेत.

आकडेमोड
त्यातल्या अर्ध्या शेजारच्या फ्युल्केतून आलेल्या पाहुण्यांच्या निघतील. त्या बाद.

ओस्लोचा_पाऊस
अवांतर: या सगळ्याला पैसा कुठून येतो? टोल सोडून बोला.

आकडेमोड
आपल्याच खिशातून. उत्पन्नावर जो सरसकट २२ टक्के कर जातो त्यातले दोन-अडीच टक्के फ्युल्केचे. जास्तीत जास्त किती घ्यायचे ते संसद ठरवते आणि सगळे फ्युल्के तेवढेच घेतात, त्यामुळे 'आमचा कर कमी' अशी जाहिरात कोणी करू शकत नाही. बाकी केंद्राचं अनुदान आणि तिकिटांचे पैसे.
बसचं पण विचित्र आहे. स्टाव्हांगरमधली कोलुम्बुस कंपनी फ्युल्केच्या मालकीची. १ जुलै २०२३ पासून स्टाव्हांगर कोमूनेनं आपल्या रहिवाशांना बस फुकट केली, तेव्हा बस एकाची, बिल दुसऱ्याचं. शेजारच्या सान्नेस कोमूनेवाला त्याच बसमध्ये शेजारच्या सीटवर बसून तिकीट काढत होता.

मिठागर
मंडळी, खूप खूप आभार. एवढं आमच्या भाषेच्या वर्गातही कोणी सांगितलं नव्हतं.

काल डब्याच्या सुट्टीत मी पाचही जणींना व्हीकेन, १.४ आणि दात असं सगळं ऐकवलं. एक म्हणाली, "तूच उभी राहा." मी हसले. तर म्हणाली, चेष्टा नाही, ज्याला मत देता येतं त्याला उभंही राहता येतं. खरं का हो हे?

अण्णा_बर्गनकर
खरं आहे. मतदानाचा अधिकार आला की उमेदवारीचाही येतो, काही सरकारी वरिष्ठ पदांवरची माणसं सोडून. आमच्याकडे बालवाडीवाल्या बाया याद्यांवर ढिगानं असतात.
पण लक्षात ठेव, निवडून आलीस तर राजीनामा फेकता येत नाही.

सोलकढी_प्रेमी
मिठागरताई आगे बढो. चिन्ह काय घेणार, दात?

रोखठोक_७२
उभ्या राहिलात तर मत देईन. पहिला ठराव फ्युल्के बरखास्तीचा आणा.

मिठागर
रोखठोक, तुम्ही राहता पुण्यात!
आधी १ मार्च पार पडू दे. मुलगा म्हणतोय पहिली पसंती स्वयंपाकाचा अभ्यासक्रम. नवरा दोन दिवस बोलत नाहीये.
डोंगरवाट, तुमच्या ५.८ चं काय झालं?

डोंगरवाट
तक्रार टाकली, काकांच्या सल्ल्याप्रमाणे फोटोसकट. साकवावर मीच उभा राहिलो, बायकोनं फोटो काढला, तेवढ्यात पाय घसरून गुडघा फुटला. तो फोटोही जोडलाय. पोच आली आहे, उत्तर अजून नाही.
मुलगा सायकलने जातोय. त्याच पायवाटेने. म्हणतो बसपेक्षा लवकर पोचतो, पास मिळाला तरी नको.